पांढऱ्या रंगाची शेवटची ट्यूब

माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारलेली नाही. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत चित्रकला शिकवली. पोरांनी खडू फेकून मारले, खुर्चीला गोंद लावला, तरी हा माणूस आपला हसतोय. आणि याच माणसाच्या ब्रशापायी भर दुपारी एका जित्या घोड्याचा गळा चिरला गेला आणि खालच्या आळीतल्या कालमुरातच्या चार बरगड्या मोडल्या. मी सांगते ते नीट ऐका. गावात चार जण चार तऱ्हांनी सांगतात, आणि चौघांनाही अक्कल नाही.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही मास्तरच म्हणते. रागात असले की दुसरं काहीतरी म्हणते, ते इथे सांगण्यासारखं नाही.

रंगांचं वेड त्यांना लग्नाआधीपासून. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "पोरगा गुणाचा आहे गं, फक्त भिंती सांभाळ." दारावर घोडे, पिठाच्या पेटीवर गरुड, पाळण्यावर डाळिंबं. डाळिंबाचं झाड या माणसाने जन्मात पाहिलेलं नव्हतं. आम्ही बायका नमदे, म्हणजे लोकरीची जाड जाजमं, करायला बसलो की हे आमच्यात मांडी घालून लोकरीवर खडूने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढून देणार. पुरुष हसायचे. यांना कुठे पत्ता? हिवाळ्यात झाडाच्या मुळांतून म्हाताऱ्यांचे पुतळे कोरायचे, बर्फ वितळलं की मातीच्या शिट्ट्या करायच्या. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका, सकाळी चहाच्या आधी ब्रश. एकदा माझी पीठ मळायची परात रंग कालवायला घेतली, तेव्हा ती मी त्यांच्या डोक्यात घालणार होते.

"अगं म्हातारे," म्हणाले, "रोटी दोन दिवसांत शिळी होते. हे टिकतं."

"मग हेच खा," म्हटलं, आणि त्या दिवशी खरंच जेवायला वाढलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता त्या दिवसाचं. आमच्या गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची, मधून ओढा. पीक निघालं की दोन्ही आळ्यांत उलाक होतो. मुंडकं उडवलेला बोकड मैदानात टाकायचा, दोन्हीकडच्या घोडेस्वारांनी त्याच्यावर तुटून पडायचं, आणि धावत्या घोड्यावरून वाकून तो उचलून आपल्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. एवढाच खेळ. त्यात दात पडतात, गुडघे फुटतात, आणि पुरुष घरी येऊन लग्नाला जाऊन आल्यासारखे खूश असतात.

मास्तर दरवर्षी टेकडीवर वही घेऊन बसायचे. त्या वर्षीही बसले. मी बाजूला सूत कातत होते. खाली तीस घोडे एकात एक घुसले होते. धूळ अशी, की फक्त माना, शेपट्या आणि वर उगारलेले चाबूक दिसत होते. वरच्या आळीचा तिलेक, बावीस वर्षांचा, रिकिबीला लोंबकळून बोकडाच्या पायाला हात घालत होता. त्याचा थोरला भाऊ एसेनकुल आपला कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडा घुसवून त्याला वाट करून देत होता, डावीउजवीकडे चाबकाचा दांडा चालवत. खालच्या आळीचा कालमुरात समोरून अंगावर येत होता. मास्तरांची पेन्सिल खरखर चालली होती. मग घोळका पुढे सरकला आणि मागे जमिनीवर तिलेक पडलेला दिसला. त्याच्यावरून निदान दहा घोडे गेले होते. त्याची आई बात्मा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती ओरडली नाही. तिने माझा दंड धरला आणि तिची नखं माझ्या मांसात रुतली, ते वण अजून आहेत.

प्रेताला न्हाऊ घालणाऱ्यांत माझा दीर होता. तो म्हणाला, अंगाचा चेंदा झालाय, पण कानशिलावर एक गोल खूण आहे, अक्रोडाएवढी. टापेने अशी खूण होत नाही, पितळी मुठीच्या दांड्याने होते. म्हाताऱ्यांनी निवाडा दिला, "उलाकात मेला त्याचा दावा नसतो." एसेनकुलने मान खाली घालून "बरं" म्हटलं. बापामागे त्यानेच तिलेकला वाढवलं होतं, त्याचा पहिला घोडा त्यानेच माणसाळवून दिला होता. त्याने "बरं" म्हटलं खरं, पण खालच्या आळीतल्या प्रत्येक माणसाच्या हाताकडे तो बघत राहिला.

आठवड्याने बात्मा आमच्याकडे आली. "मास्तर, माझ्याकडे त्याचा एकच फोटो आहे, तोही ओळखपत्राचा. त्याच्या चाळिसाव्या दिवसाला मला माझ्या पोराचं चित्र द्या. घोड्यावरचं. शेवटचा दिसला तसं."

मास्तरांनी गोठ्याचं प्लायवूडचं दार काढलं आणि कामाला लागले. मी म्हटलं, "पोरगा काढा, त्याचा घोडा काढा, संपवा. सगळी गर्दी कशाला?" म्हणाले, "एकटा काढला तर पुन्हा ओळखपत्रच झालं की." महिनाभर हा माणूस जेवला नाही, झोपला नाही, आणि मी बघत होते, तोंडावर तजेला कसा तो! गुणगुणत होते चक्क. मेल्या पोराचं चित्र काढताना गुणगुणतात का कुणी? मी ओरडले की गप्प व्हायचे आणि जरा वेळाने परत सुरू.

चाळिसाव्याच्या दहा-बारा दिवस आधी गुणगुणणं बंद झालं. मी आत गेले तर चित्राकडे पाठ करून बसलेले. मग उठले आणि पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळायला लागले. ती संपली तर ब्रशाचा दांडा ट्यूबवर फिरवून फिरवून शेवटचा थेंब काढला.

"नवी आणायची तर नारिनला जावं लागेल," मी म्हटलं, "आणि घाटात बर्फ आहे."

"भागेल एवढ्यात," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बघते, तर तिलेकच्या डोक्यावर एक स्वार चाबूक उगारून उभा, तोंड उगारलेल्या हाताआड, आणि त्याच्याखाली अबलख घोडा. पांढऱ्यावर तपकिरी चट्टे.

"अगं बाई! हा तर कालमुरातचा घोडा!"

"चित्रातला घोडा कुणाचाच नसतो, म्हातारे. तिथे उजेड हवा होता."

आता ऐका. आमच्या गावात माणसाचा चेहरा विसरला तर चालतं. घोडा विसरला तर लोक हसतात. डोंगरावर ठिपक्याएवढा घोडा दिसला तरी पाच वर्षांचं पोर सांगतं, हा अमक्याचा, कान चिरलेला. कुमेत घोडे अर्ध्या गावाकडे आहेत, पण अबलख एकच. हे मला माहीत होतं, मास्तरांनाही माहीत होतं, त्यांनीच ते जनावर पन्नासदा काढलं असेल. पण मला चाळिसाव्याचे बोर्सोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळायला तीन पोती पीठ मळायचं होतं, आणि मी पुढे काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर! हात मोडून घेतला असता मी, पण बोलायला हवं होतं.

चाळिसाव्याला कुराण वाचून झालं, मेंढी कापून झाली, आणि मास्तरांनी दारावरची चादर काढली. बात्माने पोराच्या गालावर हात फिरवला. "हाच," ती म्हणाली, "हाच माझा." बायका रडायला लागल्या. एसेनकुल मागून आला. तो भावाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे वर होते, चाबकावर, आणि चाबकाखालच्या घोड्यावर.

मागून कुणीतरी म्हणालं, "अबलख."

बस्स. एसेनकुलने हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. त्याच्यामागे सहा चुलतभाऊ उठले. बाहेर खोगिरांचे पट्टे आवळल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मास्तरांना कळलं. तोंड असं पांढरं पडलं, की मला वाटलं इथेच जातायत.

"म्हातारे, पळ," म्हणाले, आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस बर्फातून टोपीशिवाय धावत सुटला. मी मागे. माझ्या हातात तळणीचा झारा तसाच.

ओढा ओलांडून आम्ही कालमुरातच्या अंगणात पोचलो, तोवर अबलख घोडा आडवा पडला होता. गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला, पाय अजून झाडत होता, आणि बर्फातून रक्ताचा पाट वाफा सोडत वाहत होता. कालमुरातला त्यांनी गाडीच्या चाकाला बांधलं होतं. दोघं चाबकाने मारत होते, तिसरा लाथा घालत होता. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्याची बायको झूरा एकाच्या मनगटाला दातांनी लटकली होती आणि तो तिला केसांनी ओढून काढत होता.

"मी नाही!" कालमुरात ओरडत होता. "आईची शपथ, मी हात लावला नाही त्याला!"

मास्तर सरळ मधे जाऊन पडले. "सोडा त्याला! घोडा अबलख नव्हता! ऐकलंस का एसेनकुल? अबलख नव्हता!"

"तुम्हीच काढलात, मास्तर."

"मी खोटं काढलं."

"का?"

"पांढरा रंग संपला... म्हणजे मला..." आयुष्यभर रंगांत बोललेला माणूस, वेळेला जीभ कुठून येणार?

"विद्यार्थ्याला वाचवताय होय!" एसेनकुल हसला. ते हसू मी विसरणार नाही. "शाळेतही याचंच चित्र भिंतीवर लावायचात तुम्ही." त्याने मास्तरांना बाजूला ढकललं. मास्तरांनी चाकाची धाव धरली, उजव्या हाताने, सोडेनात. एसेनकुलने चाबूक उलटा धरला आणि पितळी मूठ त्या हातावर घातली. एकदा. दोनदा. बोटं काटक्यांसारखी वाजली.

मग मी काय केलं ते मला सांगायला लाज वाटत नाही. झाऱ्याने त्याच्या कानफटात मारलं. गरम तेल नव्हतं त्यात, एवढंच वाईट वाटतं.

"अरे मेल्या, ज्या हाताने तुला उभी रेघ शिकवली तो हात मोडलास!"

"आपा, बाजूला व्हा," तो म्हणाला, कानातून रक्त येत होतं तरी आवाज चढवला नाही. त्याने सुरा काढला, घोड्याच्या रक्ताने माखलेला तोच, आणि कालमुरातच्या गळ्याला लावला. "शेवटचं विचारतो, मास्तर. अबलख नव्हता, तर कुठला होता?"

मास्तर बर्फात बसले होते, हात पोटाशी धरून. त्यांनी कालमुरातकडे पाहिलं. मग एसेनकुलकडे पाहिलं. नजर तिथेच ठेवली. चाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळलं. आणि मला वाटलं, बोलू नका. या खुदा, यांना बोलू देऊ नकोस.

"पांढऱ्याखाली आहे," मास्तर म्हणाले. "आधी खरा काढला होता. हात जे बघतो ते काढून मोकळा होतो, कुणाचा ते मला नंतर कळलं. मग झाकला. रंग पुरला नाही, म्हणून चट्टे राहिले. खरवडला की दिसेल."

"चित्र आणा," एसेनकुल म्हणाला.

एक चुलतभाऊ घोड्यावर दार आडवं टाकून घेऊन आला. मागून बात्मा चालत आली, पायात जोडे नव्हते. दार भिंतीला टेकवलं.

"एसेनकुल," मास्तर म्हणाले, "ऐक माझं. दुसऱ्या कुणाला खरवडू दे. तू नको."

"भाऊ माझा होता. मीच खरवडणार."

त्याने सुरा बर्फात पुसला. वरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता, दुधावरच्या सायीसारखा सुटत होता. मानेवरचा चट्टा निघाला, खाली तपकिरी. कुमेत. कुणीतरी म्हणालं, कुमेत तर निम्म्या गावाकडे आहेत. डोकं निघालं. उजवा कान मधोमध चिरलेला. एसेनकुलचा हात हळू झाला, पण थांबला नाही. छातीवरचा पांढरा निघाला, आणि खालून लाल गोंडे बाहेर आले, एकाशेजारी एक, सात. गोंड्यांचा हा छातीपट्टा बात्माने विणला होता. त्याची नक्षी मास्तरांनी काढून दिली होती, माझ्याच ओट्यावर बसून.

कुंपणाला सगळ्यांचे घोडे बांधले होते. त्यांतल्या एका कुमेताने मान हलवली आणि छातीवरचे लाल गोंडे हलले. सगळे आधी चित्राकडे बघत होते, मग त्याच्याकडे बघायला लागले. चाकाला बांधलेला कालमुरातसुद्धा.

"मी मारला होता," एसेनकुल म्हणाला. आपल्याशीच बोलल्यासारखं. "कुणाला तरी लागला, हाताला कळलं होतं. मला वाटलं याला लागला, कालमुरातला. मला बरं वाटलं होतं. चाळीस दिवस मला आठवत होतं, की चला, एक तरी नीट बसला."

मग त्याने उजवा हात चाकावर पसरला आणि डाव्या हाताने सुरा वर उचलला. आम्ही सगळे नुसते खांबासारखे उभे. बात्मा मधे घुसली आणि तिने सुऱ्याचं पातंच धरलं, उघड्या मुठीत. त्याने ओढलं, तिने सोडलं नाही. रक्त तिच्या बाहीत शिरलं.

"एक दिला," ती म्हणाली. "हा देणार नाही. याचा एक तुकडासुद्धा देणार नाही. सोड."

त्याने सोडलं. खाली बसला आणि मेलेल्या घोड्याच्या मानेवर डोकं टेकून असा ओरडला, की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. कालमुरातच्या दोऱ्या मी आणि झूराने सोडल्या. सहा चुलतभावांपैकी एकानेही नजर वर केली नाही. मघाशी सगळे वाघ होते.

त्याच दिवशी एसेनकुल आपला कुमेत कालमुरातच्या कुंपणालाच बांधून पायी घरी गेला. कालमुरात त्याला चारा घालतो, पण अजून त्याच्यावर बसलेला नाही. मला विचाराल तर बसूही नये.

चार दिवसांनी बात्मा आमच्याकडे आली, हाताला फडकं बांधलेलं. चुलतभाऊ दार ठेवून निघून गेला. मास्तरांचा हात खपच्यांत, डॉक्टर म्हणाला होता की चमचा धरता येईल, ब्रशाचं विसरा.

"मास्तर," बात्मा म्हणाली, "परत पांढरा लावा असं मी म्हणणार नाही. कालमुरातच्याही घरी लेकरं आहेत. पण हे असंही मला भिंतीवर बघवणार नाही. जेवायला बसते तेव्हा एसेनकुल समोर असतो, आणि भिंतीवर त्याचा हा हातही."

"मग काय काढू?"

"धूळ. त्या दिवशी धूळच होती ना? मला तरी धुळीशिवाय काही दिसलं नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजिबात नाही, मी आयुष्यात ब्रश धुण्यापलीकडे काही केलेलं नाही. मग परात घेतली. माझीच परात. ते सांगत होते, "पिवळा घे. थोडी राख मिसळ, पांढरा नाहीये आपल्याकडे. पातळ नको. हात गोल फिरव, पीठ चाळतेस तसा." मी आधी गोंडे झाकले. मग कान झाकला, मग चाबूक, मग तो हात.

मधेच मास्तर हळूच म्हणाले, बात्माला ऐकू जाऊ नये असं, "मला मजा येत होती, म्हातारे. पोर मेलं त्याचं चित्र काढताना मला मजा येत होती. कुणाचा घोडा, कुणाचा हात, मी बघितलंच नाही. रंग कसा बसतोय तेवढं बघत होतो." आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना गप्प राहा म्हटलं नाही. रडू दिलं.

मी ब्रश फिरवत राहिले. धूळ वर चढत गेली, कडेला पातळ, मधे दाट, खालून उन्हाची तपकिरी झाक येत होती. आणि खोटं कशाला बोलू, एका क्षणी मी बात्माला विसरले, तिलेकला विसरले, चुलीवरचं दूध उतू गेलं तेही कळलं नाही. मलाही मजा आली. अल्ला माफ करो.

चित्र बात्माच्या भिंतीवर आहे. तिलेक वाकलेला, हात बोकडाच्या पायाला, आणि डोक्यावर सगळी धूळ. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, वा, धूळ काय सुरेख काढलीय! बात्मा सांगते, मास्तरांच्या बायकोने काढली. त्या वेळी एसेनकुल घरात असला तर जेवण अर्धवट टाकून उठतो आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसतो.